नवरा डोंगरातल्या खाणीवर निघालाय, मी जाऊ की नागपुरातच राहू?

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही त्रिमूर्तीनगरात राहतो. माझे मिस्टर हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. आता त्यांची छत्तीसगडमध्ये बचेलीला, लोखंडाच्या खाणीवर निवड झाली आहे. पगार जवळजवळ दुप्पट, शिवाय क्वार्टर आणि दवाखाना. सासूबाई म्हणतात, संधी सोडू नका. माझी आई म्हणते, जंगलात कुठे जाते? मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केलेली आहे, धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. मुलगा चौथीत आहे. सासूबाईंना शुगर आहे, गुडघेही दुखतात. तिथे राहण्याचे फायदे-तोटे खरेखुरे सांगा. आपण तिथे गुदमरून जाऊ, ही भीती मनातून जात नाही.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बचेलीचं नाव वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवली. आमचे हे तिथे मेकॅनिकल मेंटेनन्सलाच होते. मी नागपूरच्या महाल भागातली, लग्नाआधी रायपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. मुलं तिथेच मोठी झाली आणि हे रिटायर झाल्यावर आम्ही नागपूरला परतलो. काकू म्हणालीस, तेव्हा अगं-तुगंच करते.

गाव कसं आहे ते आधी सांगते. दंतेवाड्याच्या पुढे तीसेक किलोमीटरवर बैलाडिलाचा डोंगर आहे. माथ्यावर खाण, पायथ्याशी कॉलनी. याच डोंगरावरची किरंदुलची खाण १९६८ मध्ये सुरू झाली, बचेलीची १९७७ मध्ये. वरचं खनिज सरकत्या पट्ट्यावरून खाली येतं आणि मालगाडीत भरलं जातं. ही रेल्वेलाइन मुळात जपानला खनिज पाठवायचं म्हणून टाकलेली, पूर्व घाटातून बोगद्यांमागून बोगदे काढत विशाखापट्टणमच्या बंदराकडे जाते. म्हणजे रूळ दारापर्यंत आहेत, पण ते समुद्राकडे नेतात, नागपूरकडे नाही. नागपूरला यायचं तर बचेलीहून दंतेवाडा, जगदलपूर, तिथून तीनशे किलोमीटर रायपूर, आणि रायपूरहून आपली हावडा-मुंबई लाइन. सगळं मिळून सातशे किलोमीटरच्या घरात जातं. मध्ये केशकालचा घाट आहे. तिथे एखादा ट्रक आडवा झाला की रात्र घाटातच काढायची. जगदलपूरला २०२० पासून विमान उतरायला लागलं, पण त्याच्या फेऱ्यांवर भरवसा ठेवून लग्नाची तारीख धरू नकोस.

पैशाचं म्हणशील तर फायदा खरा आहे. घरभाडं नाही, दवाखान्याचं बिल नाही, शाळा चालत जायच्या अंतरावर, आणि खर्च करायला दुकानंच कमी. बेसा, मनीषनगर, नरेंद्रनगर या भागांत बाहेरच्या खाणींवरच्या, कारखान्यांवरच्या पगारातून उभी राहिलेली कितीतरी घरं मला माहीत आहेत, आमचंही त्यातलंच. पण हातात पैसा खेळायला लागला की कॉलनीत गाडी, सोफा, लॉकेट अशी स्पर्धा लागते, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचा ग्रेड पाठ असतो. कुणाचं प्रमोशन अडकलं ते त्याच्या बायकोच्या आधी शेजारणीला कळतं. तुम्ही दोघं तिथे जायच्या आधीच ठरवा की अमुक रक्कम दर महिन्याला नागपुरातल्या घरासाठी बाजूला पडणार. हे मी आग्रहाने का म्हणते, ते पुढे सांगते.

दुसरा फायदा वेळेचा. आज तुझा नवरा हिंगण्याहून घरी येईपर्यंत किती वाजतात? तिथे हे पहिल्या पाळीला असले की दुपारी घरी जेवायला असायचे. संध्याकाळी मुलांना घेऊन बसायचे, गणित शिकवायचे. आमच्या मुलांना बाप जेवढा मिळाला तेवढा माझ्या नागपूरच्या भावांच्या मुलांना मिळाला नाही. नाइट शिफ्टच्या आठवड्यात मात्र दिवसभर घरात कुजबुजत बोलावं लागतं, कुकरची शिट्टीसुद्धा मोजून. आणि पावसाळ्यात हे डोंगरावर असले की जीव टांगणीला लागायचा. वर असं धुकं उतरतं की डंपरचे दिवेही दिसत नाहीत.

धुळीचं सांगायलाच हवं. लोखंडाची धूळ लाल असते. दोरीवर पांढरा शर्ट वाळत घाल आणि संध्याकाळी काढ, कॉलरच्या आतल्या बाजूला फिकट तांबूस रेघ दिसेल. ती साबणाने जात नाही. मी मुलांच्या शाळेचे शर्ट घरातच, पंख्याखाली वाळवायचे. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की बोट लाल. कुणाला दमा असेल तर आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि मलेरिया : बस्तरचा मलेरिया साधा समजायचा नाही. मच्छरदाणी रोज, पाहुणे आले तरी, उकाडा असला तरी. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. हे तुला, लॅबवालीला, मी काय सांगावं!

मुलाचं मला सगळ्यात सोपं वाटतं. नऊ-दहा वर्षांच्या पोराला असं गाव म्हणजे पर्वणी. सायकल घेऊन तो दिवसभर बाहेर राहील आणि तुला काळजी वाटणार नाही, कारण प्रत्येक गल्लीतली काकू त्याला नावाने ओळखत असेल. केंद्रीय विद्यालय आहे. अशा प्रकल्पांच्या केंद्रीय विद्यालयांत तिथल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्रवेशात अग्रक्रम असतो. त्याचे मित्र तेलुगू, बंगाली, उडिया, मल्याळी असतील. आमची धाकटी आजही अस्खलित तेलुगू बोलते. पण मराठी तिला घरीच शिकवावी लागली. रोज रात्री एक पान मोठ्याने वाचून घ्यायचं, हा नियम मी दहावीपर्यंत मोडू दिला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो, तसा आम्ही कॉलनीत भरवायचो. सुतारकाम येणाऱ्या एका उडिया गृहस्थांनी सागाचे बैल करून दिले होते, त्यांना चाकं लावली, आणि बंगाल्यांची, मल्याळ्यांची पोरंही रंगीत कागद चिकटवून बैल ओढत यायची.

दहावीनंतर प्रश्न येतो. क्लासेससाठी मुलं भिलाई, विशाखापट्टणम, नागपूर अशी पांगतात. पंधराव्या वर्षी मूल घराबाहेर पाठवायची तयारी ठेव. आणि एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. तिथल्या मुलाला वाटायला लागतं की जगातल्या सगळ्या बापांना एकाच तारखेला पगार होतो. दुकानदाराचं, शेतकऱ्याचं घर आतून कसं चालतं, मंदी आली की काय होतं, हे त्याने पाहिलेलं नसतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला नागपुरात आजीकडे ठेव, इतवारीत मामाबरोबर दुकानावर बसू दे.

दवाखान्याचं स्पष्ट सांगते, कारण सासूबाईंचा प्रश्न त्यातच आहे. रोजची दुखणी, बाळंतपणं, शुगर-बीपी यांची सोय कॉलनीतच होते. मोठं काही निघालं की जगदलपूर, त्याहून मोठं असलं तर रायपूर किंवा विशाखापट्टणम. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं झालं तर ते नागपुरातच करून मग त्यांना घेऊन जा, किंवा त्यांना नागपुरातच राहू दे आणि हिवाळ्यात तिकडे ने. त्यांचा भजनाचा ग्रुप, देवळातल्या मैत्रिणी आहेत का? त्या तुटल्या तर साठीनंतर नव्या जोडणं अवघड जातं. त्यांच्याशी बोल, त्यांच्या वतीने ठरवू नकोस.

अंतराची किंमत एरवी कळत नाही, ती एकदम वसूल होते. माझे बाबा गेले तेव्हा पावसाळा होता. फोन पहाटे आला. कॉलनीतल्या लोकांनी तासाभरात गाडी उभी केली, समोरच्या तेलुगू वहिनींनी इडल्यांचा डबा बांधून दिला, मुलांना ठेवून घेतलं, शाळेत काय कळवायचं तेही त्यांनीच पाहिलं. नागपुरात इतक्या तातडीने कुणी धावून आलं असतं असं मला वाटत नाही. तरीही मी महालात पोचले ती सगळं आटोपल्यावर. अशा गावात हे दोन्ही एकाच दिवशी मिळतं, आणि त्यातलं एक घेऊन दुसरं नाकारता येत नाही. तुझी आई ‘जंगलात कुठे जाते’ म्हणते ना, तिच्या मनात वाघ-साप नसावेत, हेच असेल.

सुरक्षिततेचं विचारलं नाहीस, पण घरात बोलणं झालंच असणार. दंतेवाड्याचं नाव पेपरमध्ये नक्षलवाद्यांमुळे यायचं, ते आम्ही जवळून पाहिलं. ‘बंद’ पुकारला की बस बंद, प्रवासी गाडी दंतेवाड्यापर्यंतच, आणि रात्रीचा प्रवास नाही. कॉलनीत राहणं आणि रस्त्यावर असणं यांत फार फरक होता. जायच्या आधी तिथे आज राहणाऱ्या दोन-तीन घरांशी बोला, माझ्या आठवणींवर विसंबू नका.

आता तुझा खरा प्रश्न, गुदमरण्याचा. मी सांगते, गुदमरायला जंगलामुळे होत नाही. डोंगर सुंदर आहे. विश्वकर्मा जयंतीला, १७ सप्टेंबरला, वरचं आकाशनगर सगळ्यांसाठी उघडतात. पोरं डंपरच्या चाकाशेजारी उभी राहून फोटो काढतात आणि ढग आपल्या पायाखाली असतात. आठवडी बाजारात चिंच, मोहाची फुलं, लाल मुंग्यांची चापडा चटणी. फागुन मडईच्या जत्रेला दंतेवाड्याच्या दंतेश्वरीच्या देवळापुढे दिवसच्या दिवस गर्दी. एवढं असताना माणूस कशाने कोंडतं? तिथलं प्रत्येक दार नवऱ्याच्या नोकरीतून उघडतं, त्याने. घर त्यांच्या नावावर, दवाखान्याचं कार्ड त्यांच्या नंबरवर, मुलाचा प्रवेश त्यांच्या सर्टिफिकेटवर. मला पहिली काही वर्षं कुणी नावाने हाक मारली नाही. मी ‘मेंटेनन्सवाल्यांची मिसेस’. हळदीकुंकवालासुद्धा कोण कुठे बसणार ते नवऱ्याच्या हुद्द्यावरून ठरलेलं असायचं. मी बी.ए. झालेली होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी घरी शिकवण्या घ्यायला लागले, पुढे एका शाळेत लागले, तेव्हा कुठे बाजारात ‘मॅडम, नमस्ते’ कानावर आलं. त्या दिवसापासून मी तिथली झाले.

म्हणून तुझी डीएमएलटी ही या सगळ्या व्यवहारातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे, नवऱ्याच्या दुप्पट पगाराहून मोलाची. तिथे दवाखाने आहेत, म्हणजे लॅब आहेत. जॉइन व्हायला जातील तेव्हा त्यांनी तुझा बायोडाटा सोबत न्यावा. कंत्राटी जागा निघतात का, छत्तीसगडच्या पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी लागेल का, किती दिवस लागतात, हे तू जायच्या आधी कळलं पाहिजे. पगार आजच्यापेक्षा कमी मिळाला तरी चालेल. पण ‘आधी सेटल होऊ, मग बघू’ याला हो म्हणू नकोस. माझ्या बरोबरीच्या ज्या बायकांनी ते ऐकलं, त्यांच्या पदव्या ट्रंकेतच राहिल्या.

आणि आता नागपुरातल्या घराचं. हे रिटायर झाले तेव्हा ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन आम्ही खिडकी-खिडकी फिरलो. लायब्ररी, दवाखाना, वीज, स्टोअर. शेवटी क्वार्टर ताब्यात घ्यायला एक मुलगा आला. भला होता, आमच्या मुलाबरोबर शिकलेला. त्याने यादी काढली आणि एकेक खूण करत गेला : पंखे, ट्यूबलाइट, नळ, मागच्या दाराची कडी. अंगणात मी लावलेला आंबा त्या यादीत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, सही घेतली. शहरात माणूस रिटायर होतो तेव्हा त्याची नोकरी जाते. तिथे त्याच दिवशी घर, दवाखाना, शेजार, पोरांचं गाव, सगळं जातं. नागपुरात आपली किल्ली असेल तर ते सोसवतं. ज्यांनी ‘बघू पुढे’ म्हटलं, त्यांना साठाव्या वर्षी भाड्याची खोली शोधताना मी पाहिलं आहे.

हे सगळं खाण व्यवस्थित चालू असताना. बंद पडली तर काय, याचंही उदाहरण आपल्या देशात आहे. कर्नाटकात कुद्रेमुखला अशीच लोखंडाची खाण होती, अशीच डोंगरातली टुमदार वसाहत, शाळा, दवाखाना. राष्ट्रीय उद्यानातली खाण म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस ती थांबली आणि वसाहत ओस पडत गेली. कोलारची सोन्याची खाण २००१ मध्ये बंद झाली. तिथली माणसं अजून पहाटेच्या गाड्यांनी कामाला बेंगळुरूला जातात. बैलाडिलाचं खनिज इतक्यात संपणारं नाही, तुझ्या नवऱ्याची नोकरी निवृत्तीपर्यंत त्यावर चालेल. पण मुलगा ‘मीही इथेच लागेन’ म्हणाला, तर हे त्याला सांग.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी मी लिहिणार. कॉलनीच्या कुंपणापलीकडे गाव आहे, गोंडी बोलणारं. आपल्या नळाला पाणी असतं आणि डोंगरावरून येणारा नाला लाल वाहतो, तो त्यांच्या शेताकडे जातो. ज्या डोंगरातून आपला पगार निघतो तो त्यांचा देव आहे. २०१९ मध्ये तिथल्या नंदराज पहाडावर खाण होऊ नये म्हणून हजारो आदिवासी किरंदुलला धरणं धरून बसले, ते याचसाठी. घरकामाला येणाऱ्या बाईशी तुझा पहिला संबंध येईल. तिची भाषा शीक, तिचं नाव नीट उच्चार, तिच्या घरी जा. मी हे फार उशिरा केलं असं नाही, पण माझ्या आजूबाजूला बहुतेकींनी कधीच केलं नाही, आणि त्या तिथून परतल्या त्या बस्तर न पाहताच.

तर माझं मत : जा. पण सगळे एकदम ट्रकमध्ये सामान भरून जाऊ नका. आधी मिस्टरांना जाऊ दे. क्वार्टर लगेच मिळेलच असं नाही, तोवर ते हॉस्टेलला राहतील. दिवाळीच्या सुट्टीत तू आणि मुलगा जाऊन राहून या, त्यांच्या नाइट शिफ्टचा एखादा आठवडा धरून, म्हणजे सगळं रूप दिसेल. चालू वर्षात शाळा बदलू नका. केंद्रीय विद्यालयाचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, तेव्हा पाचवीत घाला. लॅबच्या मॅडमना राजीनामा देऊ नकोस, लांब सुट्टी मागून बघ. आणि त्रिमूर्तीनगरचं घर स्वतःचं असेल तर विकू नका, भाड्याचं असेल तर पहिल्या वर्षाच्या बचतीतून छोटा फ्लॅट बघायला लागा. मुलगा दहावी होईल तेव्हा पुन्हा एकदा दोघांनी बसून ठरवायचं, राहायचं की परतायचं, हे आत्ताच कबूल करून घे.

प्रश्न : माझी मुलगी मायनिंग इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बालाघाटकडच्या मँगनीज खाणीत, जमिनीखाली काम करायची तिची इच्छा आहे. घरातले म्हणतात, बायकांना तिथे परवानगीच नाही. खरं काय?
– एक वडील, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, घरातले म्हणतात ते जुनं झालं. १९५२ च्या खाण कायद्यात बायकांना जमिनीखाली कामाला मनाई होती आणि वरच्या कामालाही फक्त सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी मुभा होती. २०१९ च्या सुरुवातीला सरकारने त्यातून सूट दिली. त्या सुटीने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी बायका सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात जमिनीखाली जाऊ लागल्या. उघड्या खाणीत रात्रपाळीही करू लागल्या. दोन्हींसाठी त्यांची लेखी संमती लागायची, आणि एका पाळीत किमान तिघी असाव्या लागायच्या. आजच्या अटी मात्र खाणीकडूनच विचारून घ्या.

आमच्या वेळी मुलींना हे दार बंद होतं. तुमच्या मुलीने अभ्यास करून ते उघडलं आहे, तिला अर्ज करू द्या. तुम्ही बाप म्हणून एवढंच करा : मुलाखतीआधी तिच्याबरोबर एकदा तिथे जाऊन या आणि खालच्या लेव्हलला बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, त्या पाळीत आणखी कोण मुली आहेत आणि पाळी सुटल्यावर क्वार्टरपर्यंत गाडी सोडते का, हे विचारा. तुम्ही विचारायला संकोचलात तर तिला विचारू द्या.